माणिकबाईंच्या शिरेतली चाळणी

या, पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट डोळा लावून ऐकण्यासारखी नाही. कीर्तनकार सरून गेलेल्या युगाचं आख्यान लावतात. मी आज यायच्या काळाचं लावतो आहे. फार लांबचं नाही, पंधरा-वीस वर्षं पुढचं. तेव्हाही देवळात समई असेल, माणसाला पाय असतील आणि ते संध्याकाळी दुखतील, एवढं मी खात्रीनं सांगतो. बाकीचं ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

घाटाच्या पायथ्याला आंबोळे म्हणून गाव. तिथे वीस खाटांचा दवाखाना, आणि त्या दवाखान्यात रेश्मा गुरव नावाची सिस्टर. सडपातळ, मोजकं बोलणारी, आणि एकदा मनावर घेतलं की मागे न फिरणारी. तिच्या आईच्या भाषेत, ‘आमची ही दगडावरची रेघ.’

तीन नंबरच्या खाटेवर होत्या माणिकबाई पाध्ये. वय अडुसष्ट. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीत कीर्तनं केली, आणि कीर्तन म्हणजे उभ्यानं करायचं काम. अडीच-तीन तास पायांवर. गळा सगळ्यांना दिसतो हो, पायांच्या पोटऱ्यांत फुगलेल्या निळ्या शिरा कुणाला दिसतात? मागल्या गुरुवारी आरती झाल्यावर त्या देवळाच्या पायऱ्यांवरून घसरल्या. उजव्या मांडीचं हाड चिरलं, आणि डोक्यात मसुराच्या डाळीएवढा रक्तस्राव झाला. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरून बघून सांगितलं, ‘हलवू नका. निवांत पडू द्या, जिरेल.’

आणि बाईंच्या उशाशी होती जयवंती, म्हणजे जयू. रेश्माची सख्खी मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी झांज वाजवायला म्हणून बाईंच्या मागे उभी राहिली ती बावीस वर्षं तिथेच. लग्न नाही, संसार नाही. बाईंची झांज, बाईंची पथ्यं, बाईंचं सगळं. दवाखान्याच्या यंत्रानं ‘रुग्णाशी नातं?’ विचारलं तेव्हा तिनं ‘शिष्या’ असं सांगितलं. यंत्राच्या यादीत तसलं नातं नव्हतं. त्यानं आपलं ‘इतर’ लिहून घेतलं. जयूला ते फार लागलं.

आता थोडं शास्त्राचं, पण अवघड नाही. माणूस पडून राहिला की पायातलं रक्त संथ होतं, आणि संथ झालेलं रक्त साकळतं. पायाच्या खोल शिरेत त्याची गुठळी बनते. तिथेच राहिली तर पाय सुजतो, एवढंच. पण तिचा तुकडा सुटला, तर तो वाहत वाहत पोटातल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयात आणि तिथून फुप्फुसात. लहान असला तर दम लागतो. मोठा असला तर माणूस बोलता बोलता जातो, आणि लोक म्हणतात, काय पुण्यवान मरण आलं.

रविवारी दुपारी बाईंचा डावा पाय सुजलेला दिसला. रेश्मानं मांडीवर ऐकती पट्टी लावली. तळहाताएवढी, मऊ. ती आपल्या कानाला न कळणारा बारीक आवाज आत सोडते आणि परत येणारा पडसाद ऐकते. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल ते ओळखावं, तसं. पडसादावरून आतल्या शिरेचं चित्र बनतं, दिवसरात्र. चित्रात चवळीच्या शेंगेएवढी गुठळी होती, आणि तिचं शेपूट प्रवाहात हलत होतं.

गुठळीवर औषध आहे, रक्त पातळ करण्याचं. पण डोक्यात रक्त सांडलेल्या माणसाला ते दिलं, तर पाय वाचायचा आणि डोकं जायचं. मग उरते एकच वाट: मोठ्या शिरेत चाळणी बसवायची. छत्रीच्या उघड्या काड्यांसारखी, काडेपेटीतल्या काडीएवढी उंच. रक्त जातं, गुठळी अडते. पूर्वी हे शहरात, एक्स-रेच्या टेबलावर, शिरेत रंग सोडून करायचे. पण बाईंना घाटातून नेणं म्हणजे त्या शेपटाला प्रत्येक वळणावर आमंत्रण. आता ‘वाटाड्या’ आलं होतं. त्याची नळी मानेतल्या शिरेतून आत जाते, नळीच्या टोकालाच तो न ऐकू येणारा आवाज असतो, आणि ती जाईल तिथलं चित्र पडद्यावर उभं राहतं. एक्स-रे नाही, रंग नाही, रुग्णाला हलवणं नाही. जागा बरोबर असली की हिरवा दिवा लागतो. चाळणी मात्र सुटते ती माणसाच्या हातानंच, नियमच तसा. वाटाड्यानं दाखवायचं, चालायचं माणसानं.

रेश्मा ते शिकून आली होती. तिनं अशा नऊ चाळण्या बसवल्या होत्या. दहावी सोमवारी सकाळी जिल्ह्याहून उडत्या डब्यातून आली. पाच वाजता बसवायची होती.

साडेतीनला पट्टीची नोंद चाळताना ती एका ओळीवर थांबली.

‘रविवार, सायंकाळी सहा एकेचाळीस. बाहेरून दाब. वीस मिनिटं. शेपटाचं टोक तुटलं.’

सहा एकेचाळीस. दिवेलागण. कालच सातच्या आत बाईंना एकाएकी धाप लागली होती आणि प्राणवायू द्यावा लागला होता. ‘बाहेरून दाब’ म्हणजे काय, हे रेश्माला कुणी समजावून सांगायला नको होतं. दिवा लावून झाला की जयू बाईंचे पाय चेपायची. बावीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती. जयूला ताप असला तरी नाही.

तिनं जिल्ह्याच्या मुकादम सरांना पडद्यावर बोलावून हे सगळं सांगितलं. डॉ. फैजल मुकादम, या कामातले तिचे वरिष्ठ. त्यांनी नोंद वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“सिस्टर, आज संध्याकाळी सात वाजता कालची ही नोंद तुमच्या बहिणीच्या मोबाइलवर जाईल. ठाऊक आहे ना?”

“हो सर.”

“ती ओळ झाकता येते. ‘नातेवाइकांना दाखवू नये’ म्हणून चौकट आहे, तिथे खूण करा. गैर नाही त्यात. बाईंनी दाखल होताना सहीचा हक्क तिला दिलाय, संमतीची सही तीच करणार आहे. हातपाय गाळून बसली तर पाच वाजता काय करणार आपण?”

“आणि न सांगता सही घेतली, तर ती सही कशावर झाली, सर?”

मुकादम सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “तुमची बहीण आहे. तुम्ही ठरवा. पण पाय चेपणं आत्ताच्या आत्ता थांबवा.”

रेश्मा उठली. चौकटीवर तिचं बोट गेलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. गेलं होतं. दोन क्षण रेंगाळलंही. पूर्वी कसं, तुकडा तुटला काय, कुणामुळे तुटला काय, देवाला ठाऊक. आणि देव कुणाला सांगायला जात नाही. आता सांगणारी पट्टी आली होती, मिनिटासकट. तिनं बोट मागे घेतलं आणि वॉर्डकडे चालू लागली.

जयू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. हात चादरीखाली.

“जयूताई, हात बाहेर काढ.”

“कळ येतेय गो त्यांच्या पायात. हलकाच हात फिरवतेय.”

“काढ म्हणते ना.”

“तुझ्या मशीनला पाय चेपलेले पण चालत नाहीत होय? कालचं आलेलं मशीन, आणि मी...”

“बाहेर ये. बोलायचंय.”

व्हरांड्यात बाकडं होतं. रेश्मा उभीच राहिली, मग तिला वाटलं असं उभ्यानं सांगणं बरं नाही, म्हणून शेजारी बसली.

“काल बाईंना धाप लागली ना, ती पायातल्या गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला म्हणून. आणि तुकडा तुटला तेव्हा तू पाय चेपत होतीस. पट्टीत वेळ आलीय. सात वाजता तुझ्या मोबाइलवर पण येईल. मी आधी सांगायला आले.”

 जयूनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली, जसे कुणी दुसऱ्यानं आणून ठेवलेत.

“त्यांनीच सांगितलं पाय दुखतोय म्हणून,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे.”

“तेल कोमट केलं होतं मी. दवाखान्यात लपवून आणलं.”

“तेही आलंच लक्षात. चादरीला वास आहे.”

“तुला गप्प बसता आलं असतं, रेशू.”

“आलं असतं.”

“मग?”

“आणखी गुठळी आहे आत. चाळणी बसवायचीय, तुझी सही हवीय. खोटं सांगून घेतलेल्या सहीवर मी बाईंच्या मानेत सुई घालणार नाही.”

जयू उठली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. रेश्मा मागे गेली नाही. तिनं घड्याळही पाहिलं नाही. थोड्या वेळानं जयू परत आली ती डोळे कोरडे करूनच.

“बाईंना सांगितलंस?”

“नाही.”

“मी सांगते. माझं आहे ते.”

आणि तिनं सांगितलं, खाटेपाशी उभं राहून, एका दमात. माणिकबाईंनी डोळे मिटूनच ऐकलं. नाकाशी प्राणवायूची नळी, आवाज बारीक झालेला, पण जिभेची धार तीच.

“म्हणजे बावीस वर्षं पाय चेपून शेवटी मारायलाच निघाली होतीस मला.”

“बाई...”

“रडू नको. अजून मेले नाहीये. सही कर. आणि ती चाळणी पिठाची आणू नका म्हणावं, माझ्यात कोंडा फार आहे.”

जयूनं सही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव पुरं लिहिलं.

पाच वाजता काम सुरू झालं. खाट आहे तिथेच, बाई आहेत तशाच. मान बधिर केली, सुई गेली, तार गेली, तारेवरून नळी. पडद्यावर अंधार आणि अंधारात गोल गोल वाटा. मुकादम सर दुसऱ्या पडद्यावरून बघत होते. नळी हृदयाच्या कोपऱ्यावरून खाली उतरून पोटातल्या मोठ्या शिरेत आली.

इथे खरी गोम आहे, नीट ऐका. दोन मूत्रपिंडांकडून दोन शिरा येऊन या मोठ्या शिरेला मिळतात. ओढे नदीला मिळावेत तशा. चाळणी त्या दोन्ही मुखांच्या खाली बसली पाहिजे. गुठळी अडून चाळणी भरली, तरी मूत्रपिंडांची वाट मोकळी राहावी म्हणून. वाटाड्या मुखं मोजतं आणि शेवटच्या मुखाखाली जागा धरतं.

उजवं मुख आलं. डावं मुख आलं. रेश्मानं नळी आणखी दोन बोटं खाली नेली. हिरवा दिवा लागला.

“हिरवा आहे, सिस्टर,” मुकादम सर म्हणाले. “सोडा.”

रेश्माचा अंगठा चाळणी सोडायच्या बटणावर होता. पण तिला शिकवणाऱ्या वत्सला सिस्टरांची एक रीत होती: जाताना मोजायचं, येताना पुन्हा मोजायचं. हिरवा लागला तरी. तिनं नळी सावकाश वर ओढली. डावं मुख पुन्हा समोर आलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“सर, डावं फार बारीक आहे.”

“असतं कुणाकुणाचं.”

“डावं मूत्रपिंड चांगलं मोठं आहे, कालच पाहिलंय. एवढ्या बारीक ओढ्यानं त्याचं पाणी कसं पुरं पडेल? दुसरीकडूनही जात असणार.”

“वाटाड्याला दुसरं दिसत नाहीये.”

“शीर चपटी पडलीय, सर. चार दिवस बाईंच्या पोटात धड पाणी नाही. मुख मिटलं असेल. फुगवून बघायला हवं.”

शीर फुगवण्याचा साधा उपाय म्हणजे श्वास कोंडून पोटाला जोर द्यायचा. पण डोक्यात रक्तस्राव असलेल्या माणसाला कुंथायला लावणं म्हणजे विषाची परीक्षा. मुकादम सर तेच म्हणाले, आणि खरंच म्हणाले. सलाईननं भरायची म्हटलं तर तास जाणार, आणि शेपूट तासभर वाट बघेल असा भरवसा नव्हता. आधीच ते पट्टीवर जोरात हलत होतं.

रेश्मानं जरा विचार केला. छातीत दाब हवा, पण हलका हवा, आणि बराच वेळ टिकणारा हवा. असा दाब काय देतं? तिच्या लहानपणी देवळात, कीर्तन उभं राहण्याआधी, बाई पेटीवर सूर लावायच्या आणि ओठ मिटून तो धरून ठेवायच्या. मुलं त्या वेळात बोटं मोजायची.

“सर, ओठ मिटून खालचा सूर धरला तर? जोर नाही, नुसता लांब श्वास. तेवढ्यानं थोडी तरी भरेल.”

मुकादम सरांनी डोक्याच्या दाबाचा आकडा पडद्यावर मोठा केला. मग म्हणाले, “डोक्याच्या दाबावर माझी नजर आहे. जरा चढला की थांबवेन.”

“बाई, खालचा सा लावाल?”

“दम नाही गो मला,” बाई पुटपुटल्या. “सूर सापडायचा नाही.”

तेव्हा पडद्यामागून जयू बोलली. तिला आत यायची परवानगी नव्हती, ती कापडाच्या पलीकडे स्टुलावर बसली होती.

“मी देते, बाई. तुम्ही नुसत्या मागे या.”

आणि तिनं ओठ मिटून सूर दिला. खर्जातला, सपाट, कसलाही दागिना नसलेला. बावीस वर्षं ती बाईंच्या मागे उभी होती. आज पहिल्यांदा पुढे. बाईंनी एक श्वास घेतला, अर्धाच मिळाला, पण तो त्या सुराला नेऊन टेकवला. खाटेच्या लोखंडालाही बारीक कंप सुटला.

पडद्यावर चपटी शीर हळूहळू भरली, जशी हवेनं उशी भरावी. आणि हिरव्या दिव्याच्या जागेच्या थोडंसं खाली, डाव्या अंगाला, काळी फट उघडली. तिसरं मुख.

“या अल्ला,” मुकादम सर हळूच म्हणाले.

डाव्या मूत्रपिंडाची शीर दुभागलेली होती. एक फांदी महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून खाली येणाऱ्या मोठ्या धमनीच्या पुढून, एक मागून. चाळणी त्या दोन मुखांच्या मध्ये बसली असती, तर गुठळीला मागच्या फांदीतून वळसा घालून थेट वर जायला आडवाट मिळाली असती. पहारेकरी वेशीवर, आणि चोर परसदारानं घरात.

“वाटाड्या, पुन्हा मोज,” रेश्मा म्हणाली. यंत्रानं मोजलं. हिरवा दिवा विझला, पिवळा लागला. तिसऱ्या मुखाखाली जागा कमी होती. त्यापुढे मोठ्या शिरेच्या दोन पायांकडे जाणाऱ्या फांद्या सुरू. चाळणी जेमतेम मावेल एवढीच.

“धरा बाई. आणखी थोडं.”

जयूचा सूर हलला नाही. बाईंचा तुटला, पुन्हा लागला. रेश्मानं नळी खाली नेली, केसभर मागे घेतली, श्वास रोखला आणि अंगठा दाबला. काड्या उघडल्या. चारी बाजूंनी शिरेला टेकल्या.

येताना तिनं पुन्हा मोजलं. खालून वर: एक, दोन, तीन. तिन्ही मुखं चाळणीच्या वर.

“झालं, बाई.”

“मग हिला गप्प कर,” माणिकबाई म्हणाल्या, “अर्धा सूर खाली उतरलाय तिचा मघापासून.”

बुधवारी सकाळी बाई मऊ भात खात होत्या आणि लोणचं का नाही म्हणून हुज्जत घालत होत्या. सोमवारपासून कुणी त्यांच्या डाव्या पायाला बोट लावलं नव्हतं. आठ वाजून दहा मिनिटांनी पट्टी वाजली. राहिलेली सगळी गुठळी एकदम सुटली होती. रेश्मा धावत आली, पोटावर आवाजाचं यंत्र टेकवलं. चाळणीच्या काड्यांत ती शेंग अडकून बसली होती, आणि तिच्या कडेकडेनं रक्त निवांत वर जात होतं. बाईंनी तोवर भाताचा पुढचा घास घेतला.

संध्याकाळी सातला नोंद जयूच्या मोबाइलवर गेली. ती बहिणीला गाठायला औषधांच्या खोलीपर्यंत आली.

“ही कुणी सोडली?”

“कुणीच नाही. आपणहून.”

“मग रविवारची पण...”

रेश्माला हो म्हणता आलं असतं. किती सोपं होतं ते.

“नाही, जयूताई. रविवारची तुझ्या हातानं.”

जयूनं मान हलवली. 

“बरं झालं खरं बोललीस,” ती म्हणाली. “नाहीतर आजचं मला खोटं वाटलं असतं.”

डोक्यातलं रक्त जिरलं, मग पायाला औषध सुरू झालं. चाळणी आत विसरायची नसते, तिचा मुक्काम तात्पुरता. अकरा आठवड्यांनी रेश्मानं ती त्याच वाटेनं बाहेर काढली. आणि मार्गशीर्षात आंबोळ्याच्या देवळात माणिकबाईंनी खुर्चीत बसून कीर्तन केलं. पूर्वरंग संपला, बुक्का लावायचा, हार घालायचा मध्यंतर आला, तेव्हा जयू झांजा खाली ठेवून पुढे आली. बाईंनी तिला सांगितलं नव्हतं. रेश्मानंही नाही. ती माइकपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मी माझ्या गुरूंचा सुजलेला पाय चेपला आणि त्या मरता मरता राहिल्या. एकच पाय सुजला असेल, दुखत असेल, तर त्याला तेल लावू नका. चेपू नका. दवाखान्यात न्या.” एवढंच बोलली.  मग ती जागेवर गेली, झांजा उचलल्या, आणि बाईंनी उत्तररंग लावला.

कीर्तन संपल्यावर तीन बायका मागे रेंगाळल्या. एकीनं लुगडं पोटरीपर्यंत उचलून दाखवलं. रेश्मानं तिला सकाळपर्यंत थांबू दिलं नाही.

तर श्रोतेहो, गोष्ट एवढीच. पाय चेपणं सोडा असं मी सांगत नाही. थकल्या माणसाचे पाय दाबणं ही आपल्याकडची फार गोड सेवा आहे, आणि ती राहो. पण दिवेलागणीला आईच्या, बापाच्या, गुरूच्या पायाशी बसाल, तेव्हा हात लावण्याआधी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून डोळे भरून बघा. आणि बघताना चारचौघांत आपली चूक सांगायला पुढे आलेल्या जयवंतीची आठवण असू द्या.